कागदावरची जुळी

लहानपणी ताटातूट झालेली जुळी भावंडे आपल्याला नवी नाहीत. ‘राम और श्याम’ (१९६७) किंवा ‘सीता और गीता’ (१९७२) हे चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले आहेत. एक भावंड श्रीमंत घरात पण धाकात वाढते, दुसरे गरिबीत पण मोकळेपणाने वाढते. चेहरे हुबेहूब सारखे, स्वभाव मात्र दोन टोकांचे. हे कथासूत्र दोन हजार वर्षांहून जुने आहे. प्लॉटस ह्या रोमन नाटककाराने इ.स.पूर्व २०० च्या सुमारास हरवलेल्या जुळ्या भावांवर एक प्रहसन लिहिले. सोळाव्या शतकाच्या शेवटी शेक्सपिअरने त्यावरून ‘द कॉमेडी ऑफ एरर्स’ रचले आणि त्याच धाग्यावर गुलजार यांचा ‘अंगूर’ (१९८२) आला.

अशी कथा पाहताना एक प्रश्न मनात येतोच. दोघे एकाच पोटी, एकाच वेळी जन्मले. मग एकाला शाळा, पुस्तके आणि पोटभर जेवण मिळावे आणि दुसऱ्याला मिळू नये, ह्यात न्याय कोणता? कथाकार शेवटी दोघांची भेट घडवतो, खलनायकाला शिक्षा होते आणि प्रेक्षक समाधानाने घरी जातो.

शास्त्रज्ञांना ह्याच्या शेजारचाच एक प्रश्न पडला. अशी दोन मुले मोठेपणी किती सारखी राहतील आणि किती वेगळी होतील? मुलाची बुद्धी जन्मातून येते की घरातून आणि शाळेतून? ह्या प्रश्नाचा इतिहास शिक्षकांनी माहीत करून घ्यावा असा आहे, कारण त्याच्या उत्तरावर लाखो मुलांचे शिक्षण ठरवले गेले. आणि त्या इतिहासाच्या मध्यभागी जुळ्यांच्या ज्या ५३ जोड्या उभ्या आहेत, त्यांतल्या किती जोड्या खरोखर अस्तित्वात होत्या ह्याबद्दलच गंभीर शंका आहे.

ट्वेन आणि गाल्टन

मार्क ट्वेन ह्या अमेरिकन लेखकाने ह्या कथासूत्राला विषमतेची धार दिली. ‘द प्रिन्स अँड द पॉपर’ (१८८१) मध्ये एकाच दिवशी जन्मलेले, दिसायला सारखे असे राजपुत्र आणि भिकाऱ्याचे पोर आपापसांत कपडे बदलतात. १८९४ च्या ‘पुडनहेड विल्सन’ मध्ये ट्वेन आणखी पुढे गेला. मिसिसिपी नदीकाठच्या एका गावात रॉक्सी नावाची गुलाम स्त्री मालकाचे बाळ आणि स्वतःचे बाळ अशी दोन्ही सांभाळते. आपले मूल उद्या विकले जाईल ह्या भीतीने ती पाळण्यातच त्यांची अदलाबदल करते. गुलाम स्त्रीचा मुलगा मालक म्हणून वाढतो आणि उद्धट, निर्दय होतो. मालकाचा मुलगा गुलाम म्हणून वाढतो आणि लाचार होतो.

वीसेक वर्षांनी बोटांच्या ठशांवरून सत्य बाहेर येते. खऱ्या वारसाला त्याची इस्टेट मिळते. पण त्याला लिहिता-वाचता येत नाही, त्याची बोली आणि चालणेसुद्धा गुलामांच्या वस्तीतले असते. दिवाणखान्यात त्याला अवघडल्यासारखे होते आणि स्वयंपाकघरात परत जाण्याची सोय उरलेली नसते. गेलेली वीस वर्षे न्यायालयाला परत देता येत नाहीत, हे ट्वेनने इथे दाखवले.

बोटांच्या ठशांची ही कल्पना ट्वेनला फ्रान्सिस गाल्टन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाच्या १८९२ च्या पुस्तकावरून सुचली होती. हा गाल्टन म्हणजे चार्ल्स डार्विनचा नातेवाईक. जुळ्यांचा शास्त्रीय अभ्यास सुरू करणाराही तोच. १८७५ मध्ये त्याने जुळ्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. लहानपणी अगदी सारख्या असलेल्या ३५ जोड्या पुढे वेगळ्या झाल्या का, आणि लहानपणी वेगळ्या असलेल्या २० जोड्या एकाच घरात वाढून सारख्या झाल्या का, हे त्याने पत्रे पाठवून विचारले. उत्तरांवरून त्याने निष्कर्ष काढला, की ‘निसर्ग’ हा ‘संगोपना’पेक्षा फार प्रबळ असतो.

पण गाल्टनने ह्या निष्कर्षाला स्वतःच एक अट घातली होती. संगोपनातले फरक एकाच देशातल्या, एकाच सामाजिक थरातल्या माणसांमध्ये सामान्यतः आढळतात तेवढेच असतील, तरच हे विधान खरे आहे, असे त्याने स्पष्ट लिहिले होते. राजपुत्र आणि भिकारी ह्यांच्याबद्दल ते विधान नव्हतेच. पुढच्या काळात निष्कर्ष लोकांच्या तोंडी राहिला आणि अट विसरली गेली.

खऱ्या जोड्यांचा शोध

एकाच फलित बीजांडाचे दोन भाग होऊन जी जुळी जन्मतात त्यांना आपण एकबीज जुळी म्हणतो. त्यांची आनुवंशिक घडण जवळजवळ तंतोतंत सारखी असते. अशी जुळी एकाच घरात वाढली तर त्यांच्यातले साम्य रक्तामुळे आहे की घरामुळे, हे सांगता येत नाही. ती वेगवेगळ्या घरांत वाढली तर मात्र सोय होते. त्यांच्यातला फरक हा परिस्थितीचा, आणि साम्य हे आनुवंशिकतेचे, असे म्हणता येते. मात्र त्यासाठी दोन घरांचा एकमेकांशी काहीही संबंध असता कामा नये. दोन्ही घरे सारखीच असतील तर ताटातूट ही नावापुरतीच झाली.

अशा जोड्या मिळणे फार कठीण असते. १९२५ मध्ये हर्मन म्युलर ह्या अनुवंशशास्त्रज्ञाने (ह्यालाच पुढे १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळाले) अशा एका जोडीच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. बुद्धिमापन कसोट्यांत त्या बहिणी खूप सारख्या निघाल्या, स्वभावाच्या कसोट्यांत नाहीत. १९३७ मध्ये शिकागोच्या न्यूमन, फ्रीमन आणि होल्झिंगर ह्यांनी १९ जोड्यांचा अभ्यास छापला. लोकांनी यावे म्हणून त्यांना १९३३-३४ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनाच्या फुकट सफरीचे आमिष दाखवावे लागले होते.

ह्या १९ जोड्यांपैकी एक जोडी शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. दीड वर्षाच्या असताना दोन बहिणी वेगळ्या झाल्या. एक मिशिगन राज्यात शेतकऱ्याच्या घरी वाढली. तिची पालक-आई स्वतः फारशी शिकलेली नव्हती, पण मुलीला शिकवायचेच असा तिचा हट्ट होता. ही मुलगी कॉलेजात गेली आणि काही वर्षे शिक्षिका झाली. दुसरी बहीण कॅनडात रेल्वेतल्या एका नोकरदाराच्या घरी गेली. ती तिसरीत असताना कुटुंब रॉकी पर्वतातल्या एका आडबाजूच्या ठिकाणी राहायला गेले. तिथे शाळाच नव्हती. तिचे शिक्षण थांबले ते कायमचे. पस्तिसाव्या वर्षी दोघींची चाचणी झाली तेव्हा त्यांच्या बुद्ध्यंकांत २४ गुणांचे अंतर होते. सगळ्या जोड्या एकत्र पाहिल्या तर साम्य बरेच होते. पण जिथे शिक्षणातला फरक मोठा, तिथे बुद्ध्यंकातला फरकही मोठा, असा कल त्यांत स्पष्ट दिसत होता.

पुढे १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये जेम्स शील्ड्स ह्यांनी सुमारे चाळीस जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये १२ जोड्यांचा अभ्यास झाला. शील्ड्स ह्यांच्या तपशिलात एक गोष्ट उघड होती. चाळीसपैकी २७ जोड्यांत दोन्ही मुले नात्यातल्याच घरांत वाढली होती. आईला दोन तान्ही मुले एकदम झेपेनात म्हणून एक आजीकडे किंवा मावशीकडे दिले, असा हा प्रकार. मुले अनेकदा एकाच गावात वाढत, एकमेकांना भेटत. कथेतल्यासारखी एक महालात आणि एक झोपडीत अशी जोडी प्रत्यक्षात जवळजवळ सापडतच नव्हती. दत्तक देणाऱ्या संस्थाही घर पारखूनच मूल देतात, त्यामुळे अगदी हलाखीची घरे आधीच वगळली जातात.

सर सिरिल बर्ट ह्यांच्या ५३ जोड्या

ही उणीव एका माणसाने भरून काढली. सिरिल बर्ट (१८८३–१९७१) हे त्यांच्या काळातले ब्रिटनमधले सर्वांत वजनदार मानसशास्त्रज्ञ. त्यांचे वडील डॉक्टर होते, गाल्टन कुटुंबावर ते उपचार करीत. त्यामुळे गाल्टनचे नाव बर्ट ह्यांच्या घरात लहानपणापासून होते. १९१३ पासून वीसेक वर्षे त्यांनी लंडनच्या शाळांसाठी मानसशास्त्रज्ञ म्हणून काम केले. नंतर ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले, १९४६ मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. लंडनच्या गरीब वस्त्यांत हुशार मुले आहेत आणि त्यांना शिष्यवृत्त्या मिळाल्या पाहिजेत, हेही त्यांनी आग्रहाने सांगितले होते. त्यांना सरसकट खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल.

बर्ट ह्यांचा ठाम विश्वास होता, की बुद्धी ही मुख्यतः जन्मजात असते. ह्याच्या पुराव्यासाठी ते वेगळ्या वाढलेल्या एकबीज जुळ्यांचे आकडे देऊ लागले. १९४३ मध्ये त्यांच्याकडे १५ जोड्या होत्या. १९५५ मध्ये त्या २१ झाल्या, १९५८ मध्ये ‘तीसहून अधिक’ आणि १९६६ मध्ये ५३. इतका मोठा संग्रह जगात तेव्हा कोणाकडेच नव्हता.

पण संख्येपेक्षाही महत्त्वाची होती ती घरे. बर्ट ह्यांच्या १९६६ च्या तक्त्यात एक मूल आईबापांकडे आणि दुसरे पालक-कुटुंबात किंवा अनाथालयात वाढलेले होते आणि दोन्हींचा सामाजिक दर्जा दिला होता. त्या दोन दर्जांमध्ये काहीही संबंध नव्हता, सहसंबंध जवळजवळ शून्य. म्हणजे कोणाचे मूल कोठे जाईल हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवले होते. कादंबरीकाराने कल्पिलेली जुळी इथे शास्त्राच्या तक्त्यात अवतरली होती. इतकी विषम घरे असूनही ही मुले बुद्धीने सारखीच राहिली, असे बर्ट सांगत होते. गाल्टनची अट ह्या तक्त्याने रद्दच करून टाकली.

तिसऱ्या दशांशस्थळाची गोष्ट

दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती कमी-जास्त होतात हे सहसंबंध गुणांकाने मोजतात. पूर्ण मेळ असेल तर गुणांक १, काहीच मेळ नसेल तर ०. बर्ट ह्यांच्या जुळ्यांचा गटकसोटीवरचा गुणांक १९५५ मध्ये, २१ जोड्यांसाठी, ०.७७१ होता. १९५८ मध्ये, तीसहून अधिक जोड्यांसाठी, तो ०.७७१ होता. १९६६ मध्ये, ५३ जोड्यांसाठी, तोही ०.७७१ होता. एकत्र वाढलेल्या एकबीज जुळ्यांचा गुणांक तिन्ही वेळा ०.९४४ होता.

ह्यात काय बिघडले, असे वाटत असेल तर वर्गात एक प्रयोग करून पाहावा. २१ मुलांची उंची आणि वजन मोजून सहसंबंध गुणांक काढा. मग आणखी ११ मुले घ्या आणि पुन्हा काढा. मग आणखी २१ मुले मिळवून ५३ करा आणि पुन्हा काढा. गुणांक जवळपास राहील, पण तिसरे दशांशस्थळ तर सोडाच, दुसरेही बदलेल. तिन्ही वेळा तीन स्थळांपर्यंत तोच आकडा, तोही एकाच वेळी दोन वेगवेगळ्या गटांत, हे घडणे जवळजवळ अशक्य आहे.

आश्चर्य असे, की हे आकडे वर्षानुवर्षे पाठ्यपुस्तकांत छापले जात होते. ते प्रथम बारकाईने वाचले ते प्रिन्स्टन विद्यापीठातील लिऑन कामिन ह्यांनी. १९७४ च्या पुस्तकात त्यांनी हे आकडे शेजारी शेजारी मांडले. कोणती कसोटी वापरली, मुले किती वयाची होती, मुलगे किती आणि मुली किती, हे बर्ट नीट सांगतच नाहीत, हेही त्यांनी दाखवले. शिवाय बर्ट कसोटीचे गुण जसेच्या तसे न घेता शिक्षकांशी बोलून ‘दुरुस्त’ करीत आणि पालकांची बुद्धी तर कधी कधी केवळ गप्पांवरून ठरवीत. योगायोग असा, की आर्थर जेन्सन हे बर्ट ह्यांचे आकडे वापरणारे मानसशास्त्रज्ञसुद्धा स्वतंत्रपणे तपासू लागले आणि त्याच वर्षी त्यांनीही हे आकडे निरुपयोगी असल्याचे मान्य केले.

१९७६ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘संडे टाइम्स’चे पत्रकार ऑलिव्हर गिली ह्यांनी लिहिले, की बर्ट ह्यांच्या सहकारी म्हणून ज्यांची नावे छापली जात, त्या मिस हॉवर्ड आणि मिस कॉनवे ह्यांचा कुठेच पत्ता लागत नाही. बर्ट ह्यांच्या शोकसभेत गौरवाचे भाषण करणारे प्राध्यापक लेस्ली हर्नशॉ हे त्यांचे चरित्र लिहीत होते. बर्ट ह्यांच्या बहिणीनेच त्यांना ते काम दिले होते. हर्नशॉ ह्यांनी बर्ट ह्यांच्या रोजनिश्या चाळल्या. १९५५ नंतर ज्या नव्या जोड्या मिळाल्याचे बर्ट सांगत होते, त्यांच्या मोजमापांचा मागमूस त्या रोजनिश्यांत नव्हता. १९७९ मध्ये चरित्र प्रसिद्ध झाले. आदराने सुरू केलेल्या त्या पुस्तकाने निकाल दिला, की निदान शेवटचे आकडे रचलेले होते.

बर्ट ह्यांची बाजू घेणारेही पुढे आले. रॉबर्ट जॉयन्सन (१९८९) आणि रोनाल्ड फ्लेचर (१९९१) ह्यांचे म्हणणे असे, की ही लबाडी नसून म्हातारपणचा निष्काळजीपणा असेल, युद्धातल्या बाँबहल्ल्यांत कागद हरवले असतील. मिस हॉवर्ड ह्यांना पाहिल्याचे आठवणारे काही लोकही सापडले. बर्ट ह्यांच्या मृत्यूनंतर लगेच त्यांचे बरेच कागद जाळले गेले, त्यामुळे अखेरचा पुरावा हाती नाही. ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीने १९८० मध्ये हर्नशॉ ह्यांचा निकाल मान्य केला होता, १९९२ मध्ये मात्र तिने ह्या वादात आपली अधिकृत भूमिका उरलेली नाही असे जाहीर केले. हेतू काहीही असो, ह्या ५३ जोड्यांचे आकडे पुरावा म्हणून आज कोणीही वापरत नाही.

अकरा वर्षांची मुले

ह्या आकड्यांचा मुलांशी काय संबंध? १९४४ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये माध्यमिक शिक्षण मोफत झाले. पण अकराव्या वर्षी एक परीक्षा घेऊन मुलांच्या वाटा वेगळ्या केल्या जात. साधारण चौथा-पाचवा हिस्सा मुले ‘ग्रामर स्कूल’मध्ये आणि तेथून विद्यापीठाकडे जात. उरलेली बहुतेक ‘सेकंडरी मॉडर्न’ शाळांत जात आणि पंधराव्या वर्षी, पुष्कळदा कोणतेही प्रमाणपत्र न घेता, शाळा सोडत. परीक्षेत बुद्धिमापन कसोटी असे.

इथे एक गैरसमज टाळला पाहिजे. बर्ट ह्यांच्या जुळ्यांमुळे ही परीक्षा सुरू झाली, असे म्हटले जाते. ते कालक्रमाला धरून नाही, कारण जुळ्यांवरचे त्यांचे मोठे लेख १९५५ नंतरचे आहेत. मात्र १९२० आणि १९३० च्या दशकांतल्या सरकारी समित्यांना बर्ट ह्यांनी सल्ला दिला होता, आणि अकराव्या वर्षी मुलाची जन्मजात कुवत विश्वासाने मोजता येते हा विचार त्या सल्ल्यात होता. पुढे परीक्षेवर टीका होऊ लागली तेव्हा जुळ्यांचे आकडे तिच्या मदतीला आले. अमेरिकेत १९६९ मध्ये जेन्सन ह्यांनी गरीब मुलांच्या पूरक शिक्षणाचे प्रयत्न फसले असे मांडले, तेव्हाही त्यांच्या हाती बर्ट ह्यांचेच आकडे होते.

परीक्षा स्वतः किती न्याय्य होती? ग्रामर स्कूलच्या जागा कुठे दहा टक्के मुलांपुरत्या होत्या, तर कुठे चाळीस टक्क्यांहून अधिक. म्हणजे एकाच बुद्धीची दोन जुळी भावंडे दोन जिल्ह्यांत राहत असती, तर एक डॉक्टर होण्याच्या वाटेला आणि दुसरे कारखान्याच्या वाटेला लागू शकले असते. मुली अकराव्या वर्षी मुलांहून अधिक गुण मिळवीत, म्हणून अनेक ठिकाणी मुलींसाठी उत्तीर्णतेची रेषाच वर ठेवत. १९५७ मधल्या एका मोठ्या पाहणीत आढळले, की सुमारे दहा टक्के मुले चुकीच्या शाळेत टाकली जातात. १९६५ मध्ये सरकारने जिल्ह्यांना सर्वांसाठी एकच शाळा काढण्याची सूचना केली. तरीही इंग्लंडच्या काही भागांत १६३ ग्रामर स्कूल आणि त्यांची प्रवेश परीक्षा टिकून राहिली आहे.

ज्यांना मुद्दाम वेगळे केले गेले

कथेतले दैव जे करते ते एकदा शास्त्रज्ञांनी हाताने केले. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमधील एका दत्तक संस्थेने काही एकबीज जुळी आणि एकदा तिळी मुले वेगवेगळ्या घरांत दिली. त्या तीन भावांपैकी एक कामगार कुटुंबात, एक मध्यमवर्गीय घरात आणि एक सधन घरात गेला. पालकांना दुसरे भावंड आहे हे सांगितले नाही. बालविकासाचा अभ्यास चालू आहे एवढेच सांगून संशोधक वर्षानुवर्षे त्या घरी जात आणि मुलांचे चित्रण करीत. १९८० मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, ते तीन भाऊ योगायोगाने एकमेकांना भेटले तेव्हा हे उघडकीस आले. ह्या अभ्यासाचे निष्कर्ष कधी नीट प्रसिद्ध झालेच नाहीत. त्याची कागदपत्रे येल विद्यापीठात २०६५ पर्यंत बंद आहेत.

ह्या मुलांच्या बाबतीत अन्याय कोणता झाला? एकाला गरीब घर मिळाले, हा एक. पण सधन घरात गेलेल्या भावावरही अन्याय झालाच, कारण त्याचे भाऊ त्याच्यापासून हिरावले गेले होते आणि तेही त्याला न सांगता. शास्त्राला उत्तर हवे म्हणून मुलाचे आयुष्य साधन म्हणून वापरता येत नाही. आजच्या नियमांत असा प्रयोग होऊच शकत नाही.

एकाच पोत्यातले बियाणे

खऱ्या जुळ्यांनी मग काय सांगितले? एक मोठा अभ्यास १९७९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात टॉमस बूशार्ड ह्यांनी सुरू केला. १९९० मध्ये त्यांनी लिहिले, की त्यांच्या जोड्यांमध्ये बुद्ध्यंकातल्या फरकांपैकी सुमारे ७० टक्के भाग आनुवंशिकतेशी जोडता येतो. हा आकडा बर्ट ह्यांच्या आकड्यापासून फार दूर नाही. म्हणून काही जण म्हणतात, की बर्ट बरोबरच होते. पण बूशार्ड ह्यांनी त्याच लेखात बजावले आहे, की आपल्या जुळ्यांपैकी खऱ्या दारिद्र्यात किंवा निरक्षर आईबापांच्या घरी वाढलेली फार थोडी आहेत, म्हणून हा आकडा तशा परिस्थितीला लावू नये. गाल्टनची १८७५ ची अट ११५ वर्षांनी पुन्हा आली ती अशी. खऱ्या जुळ्यांवरून खऱ्या गरिबीबद्दल बोलता येत नव्हते. ते धाडस फक्त बर्ट ह्यांच्या तक्त्याने केले होते.

गरिबीत काय होते हे वेगळ्या मार्गांनी शोधावे लागले. २००३ मध्ये एरिक टर्कहायमर आणि सहकाऱ्यांनी एकत्र वाढलेल्या सात वर्षांच्या अमेरिकन जुळ्यांचे आकडे घरच्या स्थितीनुसार पाहिले. सधन घरांत बुद्ध्यंकातले फरक बहुतांशी आनुवंशिक दिसले. गरीब घरांत आनुवंशिकतेचा वाटा जवळजवळ शून्य आणि घरच्या परिस्थितीचा वाटा सुमारे ६० टक्के निघाला. २०१६ मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र केले तेव्हा हा प्रकार अमेरिकेत दिसला. पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलियात, जिथे शाळा आणि दवाखाने अधिक समान आहेत, तिथे दिसला नाही. फ्रान्समध्ये मिशेल द्युइम आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ६५ मुलांचा अभ्यास दिला. आबाळ झालेली ही मुले चार ते सहा वर्षांच्या वयात दत्तक गेली, तेव्हा त्यांचा सरासरी बुद्ध्यंक ७७ होता. साडेतेरा वर्षांच्या सुमारास तो साध्या घरांत गेलेल्यांचा सुमारे ८५ आणि सधन घरांत गेलेल्यांचा सुमारे ९८ झाला होता.

ह्याचा उलगडा रिचर्ड लेवोंटिन ह्या जीवशास्त्रज्ञाने १९७० मध्ये दिलेल्या उदाहरणाने होतो. एकाच पोत्यातून दोन मुठी बियाणे घ्या. त्यात वेगवेगळ्या प्रतीचे दाणे मिसळलेले आहेत. एक मूठ खतपाणी असलेल्या वाफ्यात पेरा, दुसरी निकृष्ट वाफ्यात. एकाच वाफ्यातल्या रोपांना जमीन आणि पाणी सारखेच मिळते, म्हणून त्यांच्या उंचीतला फरक पूर्णपणे बियाण्यामुळे असतो. पण दोन वाफ्यांच्या सरासरी उंचीतला फरक पूर्णपणे जमिनीमुळे असतो. वाफ्याच्या आतला फरक शंभर टक्के आनुवंशिक असूनही दोन वाफ्यांमधला फरक शून्य टक्के आनुवंशिक असू शकतो. ‘७० टक्के आनुवंशिक’ ह्या शब्दांचा अर्थ ‘७० टक्के बदलता न येणारे’ असा होत नाही, तो ह्यासाठी.

वर्गात

बुद्धिमापन कसोटी प्रथम बनवणारे फ्रान्सचे आल्फ्रेड बिने ह्यांचा हेतू (१९०५) कोणत्या मुलाला अधिक मदत हवी हे ओळखण्याचा होता, बुद्धी कायमची ठरलेली असते हे मत त्यांना मान्य नव्हते. त्यांची कसोटी आपल्याकडेही आली. व्ही. व्ही. कामत ह्यांनी धारवाडला कन्नड आणि मराठी मुलांसाठी तिचे रूपांतर केले, त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. ही कसोटी मदतीसाठी वापरायची की चाळणी म्हणून, हे वापरणाऱ्यावर अवलंबून आहे.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. जुळ्यांपैकी एकाला शाळा मिळावी आणि एकाला मिळू नये, ह्यात न्याय कोणता? जुळ्यांच्या बाबतीत हा अन्याय सर्वांना चटकन दिसतो, कारण ‘त्याची कुवतच कमी होती’ ही सबब तिथे चालत नाही. पण नीट पाहिले तर जुळी नसलेल्या मुलांच्या बाबतीतही ती चालायला नको. कोणत्या घरात जन्मावे हे मूल निवडत नाही, तसेच कोणती आनुवंशिक देणगी घेऊन यावे हेही निवडत नाही. बुद्धीचा किती टक्के भाग जन्मजात हा प्रश्न शास्त्राचा आहे आणि त्याचे उत्तर काहीही आले, तरी प्रत्येक मुलाला शिकण्याची पुरेशी संधी द्यावी की नाही हा प्रश्न त्याने सुटत नाही. तो आपल्याला वेगळा सोडवावा लागतो.

आमची शिक्षकांना एक सूचना आहे. ‘हा मुळातच ढ आहे’ असा शेरा मनात आला, की त्या मुलाच्या एका जुळ्या भावंडाची कल्पना करावी. त्याच चेहऱ्याचे, त्याच दिवशी जन्मलेले, पण ज्याच्या घरी अभ्यासाला दिवा आणि कोपरा आहे, ज्याला सकाळी शाळेआधी कामाला जावे लागत नाही, ज्याची गेल्या वर्षीची शाळा पावसाळ्यात दोन महिने बुडाली नाही. ते भावंड आज वर्गात कुठे बसले असते? कॅनडातल्या त्या मुलीला तिसरीनंतर शाळा मिळाली नाही, आणि तिची बहीण शिक्षिका झाली. आपल्या पटावरून तिसरी-चौथीनंतर गळणाऱ्या मुलांच्या बहिणी आपल्याला दिसत नाहीत, म्हणून त्यांचे किती गमावले ह्याचा हिशोबही कोणी मांडत नाही. तो मांडण्याची सुरुवात हजेरीपटावरून करता येईल: कोणते मूल कोणत्या महिन्यापासून येईनासे झाले आणि का, एवढी नोंद प्रत्येक शाळेत नियमित ठेवावी.